सहीच्या रांगेत

बाल्टिमोरजवळच्या एका उपनगरातल्या हॉटेलात, तळमजल्यावरच्या गालिचा घातलेल्या बोळात, २०१७ च्या उन्हाळ्यात मी चाळीसेक मिनिटे रांगेत उभा होतो. रांगेच्या शेवटी एक टेबल. त्यावर पांढरी चादर, जुन्या छायाचित्रांचे गठ्ठे, चार-पाच रंगांची जाड पेने आणि पुठ्ठ्यावर हाताने लिहिलेला दर : सहीला चाळीस डॉलर, सोबत फोटो काढायचा तर तेवढेच, दोन्ही घेतले तर थोडी सूट. टेबलामागे ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ बसले होते. पन्नास वर्षांपूर्वी ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन मालिकेच्या एका भागात त्यांचे काम होते. एकाच भागात. त्यांचे नाव इथे लिहीत नाही. ते फारसे कुणाला ठाऊक असण्याचा संभव नाही आणि या लेखाला त्याची गरजही नाही.

मला तिथे नेले होते मुलीने. “बाबा, तुम्ही नागपुरात बघायचे ना हे? मग चला,” एवढेच तिचे म्हणणे. मी गेलो तो काहीशा कुत्सित कुतूहलाने. मोठी माणसे टोकदार कान लावून हिंडतात, असे ऐकले होते, आणि तशी ती होतीही. पण रांगेत माझ्यापुढे उभ्या असलेल्या पन्नाशीच्या बाई टेबलापाशी पोचल्या तेव्हा त्यांनी सही मागितलीच नाही. त्यांनी सांगितले की, त्या आणि त्यांचे यजमान दरवर्षी लग्नाच्या वाढदिवशी हाच भाग लावत. यजमान गेल्या हिवाळ्यात गेले. म्हातारा नट उठून उभा राहिला, त्याने त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि दोघे काही वेळ तसेच उभे राहिले. घड्याळ बघून रांग सरकवणारा स्वयंसेवक छताकडे पाहू लागला. पैसे कुणी मागितले नाहीत, कुणी दिलेही नाहीत.

त्यानंतर माझा नंबर आला. मला त्या नटाला एक प्रश्न विचारायचा होता. तो काय होता ते पुढे येईल. मात्र त्या बाईंना जे मिळाले ते मिळण्याची सोय तिकडे कशी झाली आणि आपल्याकडे का झाली नाही, हा विचार तेव्हापासून डोक्यात आहे. आपल्याकडेही अंतराळाच्या मालिका झाल्या. त्यात काम करणारे नट होते, बघणारे लाखो होते. तरी नागपुरातल्याच काय, मुंबईतल्या माणसालाही त्यांच्यापुढे असे दोन मिनिटे उभे राहता आलेले नाही.

आधी या संमेलनांचा व्यवहार सांगतो, कारण आपल्याकडे त्याविषयी गैरसमजच फार. तिकडे त्यांना ‘कन्व्हेन्शन’, लाडाने ‘कॉन’ म्हणतात. मोठी संमेलने कंपन्या भरवतात आणि त्यांत लाखभर माणसे लोटतात. तो वेगळा धंदा आहे. लहान संमेलन भरवतो तो दहा-बारा जणांचा गट, बहुधा विनामोबदला. शुक्रवार ते रविवार हॉटेलातली दोन-तीन दालने घ्यायची. हॉटेलाला अमुक इतक्या खोल्या भरून देण्याचे आश्वासन द्यायचे, म्हणजे दालनांचे भाडे कमी होते. एका दालनात परिसंवाद, एकात विक्रेत्यांची टेबले, बोळात सह्या. प्रवेशशुल्कातून हॉटेल सुटते. पाहुण्या नटाचा प्रवास आणि निवास आयोजकांकडे. त्याच्या मानधनाची रीत मात्र मजेदार आहे. नटाला एक किमान रक्कम कबूल केलेली असते. सह्यांची कमाई तिच्याहून जास्त झाली तर सगळी नटाची, आयोजकांनी वरून काही द्यायचे नाही. कमी पडली तर तूट आयोजकांनी भरायची. म्हणजे ज्याच्या टेबलापुढे रांग लागत नाही, त्या नटाचा भार आयोजकांच्या खिशावर पडतो. रविवारी दुपारी एखाद्या रिकाम्या टेबलाकडे आयोजक पुन्हा पुन्हा का बघत असतात, ते त्यामुळे कळते.

विदर्भातल्या वाचकाला हे परके वाटू नये. आमच्या पूर्वेला भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात, ज्याला आपण झाडीपट्टी म्हणतो, दिवाळीनंतर धान घरात आले की मंडई आणि शंकरपटांच्या निमित्ताने गावोगाव नाटके लागतात. वडसा हे त्यांचे ठाणे. गावातले मंडळ नाटक ठरवते, तिकिटे खपवते, तोटा आला तर तो मंडळाचा. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत चालतो. अलीकडे अनेक नाटकांत मुंबई-पुण्याचा, मालिकांतून माहीत झालेला एखादा चेहरा आणतात. त्या चेहऱ्याचे नाव फलकावर मोठ्या अक्षरांत, आणि मंडळाचा जीव त्याची गाडी वेळेवर पोचते की नाही यात. तीच जोखीम, तोच हिशेब. फरक असा की झाडीपट्टीत नट येऊन नाटक करतो, लोक नाटक बघून घरी जातात. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती अशा रात्री हजारोंनी रंगवल्याबद्दल. कन्व्हेन्शनमध्ये नट काहीच करत नाही. तो फक्त येतो. काम पन्नास वर्षांपूर्वी करून झालेले असते, आणि लोक येतात ते त्या कामाचे आपल्यात काय झाले ते त्याला सांगायला.

या प्रथेचे मूळ दूरचित्रवाणीत नाही, मासिकात आहे, हे दिवाळी अंकाच्या वाचकांना आवडावे. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी एप्रिल १९२६ मध्ये अमेरिकेत ‘अमेझिंग स्टोरीज’ हे केवळ विज्ञानकथांचे मासिक काढले. त्यात वाचकांची पत्रे छापताना ते पत्रलेखकाचा पूर्ण पत्ता छापत. साधी गोष्ट, पण तिने मोठे काम केले. आपल्यासारखाच एक वेडा पलीकडच्या गल्लीत राहतो हे वाचकाला संपादकाच्या मध्यस्थीशिवाय कळू लागले. त्यांनी एकमेकांना पत्रे लिहिली, मंडळे काढली, हाताने चक्रमुद्रित केलेली पत्रके काढली. ३ जानेवारी १९३७ रोजी इंग्लंडात लीड्स इथे असे वीसेक जण ठरवून एकत्र जमले. जमले ते थिऑसॉफिकल सोसायटीच्या सभागृहात. (अड्यारचे धागे कुठे कुठे पोचले होते!) आदल्या वर्षी ऑक्टोबरात न्यूयॉर्कचे काही वाचक फिलाडेल्फियाच्या वाचकांना भेटायला गेले होते, तेच पहिले संमेलन असे अमेरिकन म्हणतात. हा वाद अजून चालू आहे, आणि साहित्य संमेलनांच्या क्रमांकांवरून भांडलेल्या आपल्या लोकांना तो समजण्यासारखा आहे. १९३९ च्या जुलैत न्यूयॉर्कला पहिले ‘जागतिक’ संमेलन भरले तेव्हा दोनशेच्या आसपास माणसे होती.

नट या चित्रात आले ते तीस वर्षांनी. ‘स्टार ट्रेक’ ८ सप्टेंबर १९६६ ला सुरू झाली आणि प्रेक्षकसंख्येच्या हिशेबात पहिल्यापासून लंगडत होती. दुसऱ्या वर्षी ती बंद होणार अशी चाहूल लागताच बीजो आणि जॉन ट्रिंबल या दांपत्याने मासिकांच्या याच जाळ्यातून पत्रमोहीम चालवली. वाहिनीकडे लाखाहून जास्त पत्रे आली. १ मार्च १९६८ रोजी भाग संपल्यावर वाहिनीला पडद्यावरून सांगावे लागले की मालिका चालू राहील, कृपा करून आता पत्रे थांबवा. एक वर्ष मिळाले. १९६९ मध्ये ७९ भागांवर मालिका बंद पडलीच.

खरी हकीकत इथून सुरू होते. मालिका बंद पडल्यावर तिचे भाग गावोगावच्या लहान वाहिन्यांनी स्वस्तात विकत घेतले आणि संध्याकाळी रोज एक, असे पुन्हा पुन्हा दाखवायला सुरुवात केली. ७९ भाग म्हणजे रोज एक लावला तर तीन-चार महिन्यांत फेरी पूर्ण. मग पुन्हा पहिल्यापासून. शाळेतून आलेली मुले तेच भाग पाचव्यांदा, दहाव्यांदा बघू लागली. पहिल्यांदा बघताना माणूस गोष्टीच्या मागे धावतो. पाचव्यांदा बघताना त्याला मागे उभा असलेला शिपाई दिसतो, भिंतीवरचे बटण दिसते, दोन वाक्ये बोलून मरणाऱ्या परग्रहवासीयाचा चेहरा ओळखीचा होतो. एका भागात काम केलेल्या नटापुढे पन्नास वर्षांनी रांग लागते तिचे कारण हे. आपल्याकडे कीर्तनाला आणि दशावताराला हे माहीत होते. तिथे कथेचा शेवट सगळ्यांना ठाऊकच असतो.

मार्च १९६९ मध्ये नेवार्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात या मालिकेपुरता एक लहान मेळावा झाला. नट कुणीच नव्हते. स्लाइड दाखवल्या, एक प्रहसन केले, गप्पा झाल्या. २१ ते २३ जानेवारी १९७२ ला न्यूयॉर्कच्या स्टॅटलर हिल्टन हॉटेलात संमेलन भरले तेव्हा आयोजकांनी काहीशे माणसे धरली होती. आली तीन हजारांवर. मालिकेचे निर्माते जीन रॉडेनबेरी आले, त्यांच्या पत्नी आणि मालिकेतल्या परिचारिका मेजल बॅरेट आल्या, आयझॅक असिमोव आले, नासाने प्रदर्शनासाठी सामान पाठवले. बंद पडून तीन वर्षे झालेल्या मालिकेसाठी एवढी माणसे बघून नटांनाही नवल वाटले असणार, कारण पुढच्या वर्षापासून तेही येऊ लागले.

येऊ लागले, पण खुशीने सगळेच नाही. लेनर्ड निमॉय यांनी १९७५ मध्ये आत्मचरित्र लिहिले त्याचे नावच ‘आय अॅम नॉट स्पॉक’. भूमिकेने माणूस गिळल्याची ती तक्रार होती. चाहते इतके दुखावले की वीस वर्षांनी दुसरे पुस्तक काढून त्यांनी त्याचे नाव ‘आय अॅम स्पॉक’ ठेवले. कप्तानाचे काम करणारे विल्यम शॅटनर यांनी डिसेंबर १९८६ मध्ये एका विनोदी कार्यक्रमात स्वतःचीच भूमिका केली : संमेलनाच्या व्यासपीठावरून ते चाहत्यांना झापतात की घरी जा, आपापले आयुष्य जगा. अमेरिका हसली, चाहते काही हसले, काही चिडले. १९९९ मध्ये शॅटनरनी याच विषयावर पुस्तक लिहिले. त्यासाठी ते संमेलनांतून हिंडले, आलेल्यांशी बोलले, आणि ज्यांच्यापुढे आपण पंचवीस वर्षे उभे होतो त्यांना कधी पाहिलेच नव्हते असे त्यांनी कबूल केले. त्यांच्याविषयी बरेच उणेदुणे बोलले जाते. हे मात्र त्यांच्या बाजूने लिहून ठेवावे असे मला वाटते.

जेम्स डूहन यांची हकीकत याहून वेगळी. मालिकेत ते यानाचे अभियंते, ‘स्कॉटी’. ‘ट्रेकीज’ या १९९७ च्या माहितीपटात त्यांनी स्वतः ती सांगितली आहे. एका मुलीचे त्यांना पत्र आले. ते आत्महत्येपूर्वी लिहितात तसे पत्र होते. डूहननी तिला फोन केला आणि म्हटले, अमुक गावी संमेलन आहे, मला तू तिथे हवी आहेस. ती आली. तिची अवस्था बघून त्यांनी पुढच्या संमेलनाची तारीख दिली, मग त्याच्या पुढच्या. असे बरेच दिवस चालले. मग ती येईनाशी झाली, पत्ता लागेना. आठ वर्षांनी पत्र आले : इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकीत पदव्युत्तर पदवी मिळाली, आभार. सांगताना म्हाताऱ्या डूहनचा आवाज फुटतो. यात समुपदेशनाचे काही तंत्र नव्हते. त्यांच्याकडे देण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे पुढची तारीख, आणि संमेलनांची साखळी नसती तर तीही नसती.

निशेल निकल्स यांचे उदाहरण सार्वजनिक महत्त्वाचे आहे. यानाच्या संदेशवहन अधिकाऱ्याची भूमिका करणारी ही कृष्णवर्णीय नटी १९७५ मध्ये शिकागोच्या संमेलनाला गेली असताना तिने तिथेच नासाचे येस्को फॉन पुट्कामर यांचे भाषण ऐकले. अंतराळात जाणाऱ्यांत आपल्यासारखे कुणीच कसे नाही, हा प्रश्न तिने धरून ठेवला. १९७७ मध्ये नासाने अंतराळवीरांच्या भरतीच्या प्रचारासाठी तिलाच नेमले आणि १९७८ च्या तुकडीत पहिल्यांदा स्त्रिया आणि कृष्णवर्णीय आले. हॉटेलातल्या एका दालनात नटी आणि शास्त्रज्ञ एकाच दिवशी पाहुणे होते, एवढ्यावरून हे घडले.

इंग्लंडात याच्या उलट घडले, म्हणजे मालिका होती आणि चित्रफिती नव्हत्या. ‘डॉक्टर हू’ १९६३ पासून चालू; पण त्या काळी चित्रफीत महाग असे, पुसून पुन्हा वापरली जाई, आणि साठवणाला जागा नसे. बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकांत स्वतःचे शेकडो भाग असे घालवले आणि शंभरच्या आसपास भागांची चित्रे आजही सापडलेली नाहीत. आवाज मात्र प्रत्येक भागाचा शिल्लक आहे, कारण घरोघरी काही मुले दूरचित्रवाणी संचापुढे मायक्रोफोन धरून ध्वनिमुद्रण करत बसत. आईने मागून जेवायला हाक मारली तर तीही त्यात येई. ती मुले पुढे संमेलनांतून एकमेकांना भेटली, फिती जुळवल्या गेल्या. १९८९ मध्ये मालिका बंद पडली. त्यानंतरच्या वर्षांत संमेलने, पत्रके आणि १९९९ पासून श्राव्य नाटके यांनी तिला धरून ठेवले. २००५ मध्ये ती परत आली ती रसेल टी. डेव्हिस या जुन्या चाहत्याच्या हातून. पुढे नायक झालेले डेव्हिड टेनंट आणि पीटर कपाल्डी हेही बालपणापासूनचे चाहतेच. कपाल्डींचे शाळकरी वयातले कौतुकाचे पत्र १९७४ मध्ये ‘रेडिओ टाइम्स’मध्ये छापून आले होते.

आता नागपूर. सेमिनरी हिल्सवरचा टीव्ही टॉवर आज कुणी मान वर करून बघत नाही. ऐंशीच्या दशकात शहराची सगळी छपरे त्याच्याकडे तोंड करून होती. मी तेव्हा कॉलेजात होतो. आमच्या गल्लीत तीन घरी संच. रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ लागे, इंग्रजीत. निम्मे कळत नसे. वाडाभर पोरे तरी सतरंजीवर बसून बघत. दशकाच्या शेवटी आपल्या मालिका आल्या. ‘स्पेस सिटी सिग्मा’मधला जखाकू हा खलनायक माझ्या वयाच्या लोकांना आठवतो, त्याचे काम कुणी केले ते आठवत नाही. १९८९ च्या ‘इंद्रधनुष’मध्ये संगणक होता, कालप्रवास होता, परग्रहावरून आलेला पाहुणा होता, गिरीश कार्नाड, विक्रम गोखले यांच्यासोबत पुढे नाव काढणारी करण जोहर, ऊर्मिला मातोंडकर, आशुतोष गोवारीकर ही पोरेटोरे होती. १९९८ मध्ये केतन मेहता यांचा ‘कॅप्टन व्योम’ आला, नायक मिलिंद सोमण. पुठ्ठ्याची याने आणि चमकत्या कापडाचे गणवेश होते खरे. ‘स्टार ट्रेक’चीही याने काही पोलादाची नव्हती.

मग इथे काय कमी पडले? प्रेक्षक कमी नव्हते, त्या काळी दुसरी वाहिनीच नव्हती. माझ्या मते दोन गोष्टी नव्हत्या. एक, मालिका तेरा भागांच्या हप्त्याने मंजूर होत, आठवड्याला एक भाग लागे, आणि संपली की संपली. जो भाग लग्नामुळे, परीक्षेमुळे किंवा वीज गेल्यामुळे हुकला तो कायमचा हुकला. पाचव्यांदा बघण्याची संधीच नव्हती, त्यामुळे मागे उभा असलेला शिपाई आपल्याला कधी दिसलाच नाही. दोन, पत्ते नव्हते. दूरदर्शनला पोस्टकार्डे पोत्यांनी जात. पण ती जात फक्त वर. नागपुरातल्या पोराला अकोल्यातल्या पोराचा पत्ता त्यातून मिळत नसे.

ज्या मालिका पुन्हा पुन्हा दिसल्या त्यांचे काय झाले, हे बघितले की मुद्दा पटतो. ‘रामायण’ जानेवारी १९८७ मध्ये सुरू झाली आणि तेव्हापासून खऱ्या अर्थाने कधी संपलीच नाही : व्हिडिओ कॅसेट, पुनःप्रक्षेपण, आणि मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत पुन्हा पहिल्यापासून. १६ एप्रिल २०२० चा भाग ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिल्याचे दूरदर्शनने जाहीर केले. या नटांना लोकांपुढे बसण्यासाठी आपल्याकडे हॉटेलातले टेबल नव्हते. होते ते निवडणुकीचे व्यासपीठ. १९९१ मध्ये सीता झालेल्या दीपिका चिखलिया बडोद्यातून आणि रावण झालेले अरविंद त्रिवेदी साबरकांठातून लोकसभेत गेले, ‘महाभारत’मधले कृष्ण, आपले नितीश भारद्वाज, १९९६ मध्ये जमशेदपुरातून, आणि राम झालेले अरुण गोविल अगदी २०२४ मध्ये मेरठमधून. तिकडे चाहता चाळीस डॉलर देतो, इकडे त्याने मत दिले. हा निव्वळ विनोद नाही. नटाला भेटण्याची दुसरी रीत समाजाने तयार केली नाही की भक्ती आणि सभा या दोन तयार रीती उरतात. ‘शक्तिमान’ १९९७ ते २००५ चालली, तिची बाललीला अजून आठवणीत आहे. पण मुकेश खन्ना यांच्या भोवतीही जमते ती गर्दी, संमेलन नव्हे. फेब्रुवारी २०११ पासून दिल्लीत आणि मग मुंबईत कॉमिक कॉन भरू लागली, तिथे तरुण पोरे उत्साहाने वेष करून जातात. ते वेष बहुतेक जपानी आणि अमेरिकन असतात. व्योमचा गणवेश घालून कुणी आले तर बाजूचा त्याला ओळखणार नाही.

मराठीत मात्र विज्ञानकथेच्या वाचकांना जमायला जागा होती, ती कागदावर. मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये स्थापन झाली. तिची वार्षिक अधिवेशने झाली, नागपुरासह ठिकठिकाणी विभाग निघाले, आणि तिच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ मध्ये ‘नारायण विनायक जगताप’ या अनोळखी माणसाची ‘कृष्णविवर’ पहिली आली. आद्याक्षरे उलटी वाचली की जयंत विष्णु नारळीकर निघतात. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा मंगलाताईंनी उतरून काढली होती. प्रसिद्ध माणसाने आपली प्रसिद्धी दाराबाहेर ठेवून आत येण्याचा हा प्रकार स्वाक्षरीच्या प्रकरणात मुद्दाम सांगण्यासारखा आहे, कारण पुढे त्यांनी स्वाक्षरीचेही असेच केले. मुले वह्या पुढे करत तेव्हा ते म्हणत, सही देत नाही. घरी जाऊन पोस्टकार्डावर मला एक प्रश्न लिहून पाठव, उत्तर लिहीन आणि खाली सही करीन. तशी उत्तरे त्यांनी लिहिली, वर्षानुवर्षे. चाळीस डॉलरऐवजी एक प्रश्न, असा तो दर होता. ज्यांच्याकडे ती कार्डे आहेत ते ती अजून काढून दाखवतात.

तरी यात एक उणीव राहिली, आणि ती नारळीकरांची नव्हे, आपली. ते पोस्टकार्ड पुण्याहून एका मुलाकडे आले. तो मुलगा आणि तसेच कार्ड असलेला पलीकडच्या गावचा दुसरा मुलगा कधी भेटले नाहीत. २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष नारळीकर होते. पण तेव्हा प्रकृतीने त्यांना येऊ दिले नाही, आणि २० मे २०२५ रोजी ते गेले. साहित्य संमेलनात सह्यांच्या रांगा लागतात, परिसंवाद होतात, पुस्तकांचा बाजार असतो. सांगाडा अगदी कन्व्हेन्शनचाच आहे. उत्तर अमेरिकेतले बृहन्महाराष्ट्र मंडळ दर दोन वर्षांनी अधिवेशन भरवते, त्यालाही मालिकांतले नट आवर्जून नेतात. पण एकाच पुस्तकाच्या, एकाच मालिकेच्या वेडाने शे-दीडशे माणसे दोन दिवस एका छताखाली बसली आहेत, असे आपल्याकडे क्वचितच होते. ते लहानच असावे लागते. नागपुरात गांधीसागराजवळ १९९२ पासून रमण विज्ञान केंद्र आहे. तारांगण आहे, सभागृह आहे, बाहेर तर्री-पोह्यांचीही सोय आहे. ‘इंद्रधनुष’ आणि ‘सिग्मा’चे तुकडे आता यूट्यूबवर सापडतात. त्यांत कामे केलेली, पुढे नाव न झालेली माणसे आज साठी-सत्तरीत असतील. त्यांना कुणी कधी बोलावले असेल, असे वाटत नाही.

त्या हॉटेलातल्या रांगेकडे परत जातो. मी नटाला सांगितले की, त्यांचा तो भाग मी हिंदुस्थानात, नागपूर नावाच्या गावी, एका रविवारी सकाळी पाहिला होता; ऐन वेळी वीज गेली आणि शेवट राहिला तो राहिला. तीस वर्षांत पुढे कधी योग आला नाही, खरे तर आठवणीतून गेला होता. तेव्हा शेवटी काय होते ते त्यांनीच सांगावे. ते हसले, मग गंभीर होऊन आठवू लागले. त्यांनी कपाळ चोळले. म्हणाले, मी मधेच मरतो, त्यानंतरच्या चित्रणाला मी नव्हतोच. आणि खरे सांगायचे तर पूर्ण भाग मी एकदाच पाहिला आहे, प्रक्षेपणाच्या रात्री.

माझ्या मागे पिवळा गणवेश घातलेला बारा-तेरा वर्षांचा मुलगा उभा होता. त्याने बापाच्या हातातली पिशवी खाली ठेवायला लावली आणि आम्हा दोघांना शेवट सांगायला सुरुवात केली. म्हाताऱ्याने कानामागे हात धरला होता. स्वयंसेवक घड्याळ दाखवत होता, पण मागची रांगही आता ऐकायला पुढे झुकली होती, आणि एका ठिकाणी तो मुलगा चुकला तेव्हा रांगेतल्या तिघांनी एकदमच त्याला दुरुस्त केले.